कडी कुठल्या बाजूला?

मैत्रीण जपानहून परतली तेव्हा तिनं आणलेला एक वाडगा मधोमध ठेवून आम्ही चहा पीत बसलो होतो. चहा अर्थात नेहमीच्या कपांतून. वाडग्यात ओतायची कोणाची छाती झाली नाही. क्यूशू बेटावरच्या ओन्ता नावाच्या डोंगरी गावातला तो वाडगा. तपकिरी माती, वर पांढरट लेप आणि त्या लेपावर भाताच्या तुसाएवढ्या खुणांच्या गोल रांगा. चाक फिरत असताना लवचीक पात्याचं टोक टेकवलं की ते आपसूक उड्या मारत जातं आणि लेप टिपत जातं, त्याच्या त्या खुणा. तळ उलटा करून पाहिला तर नाव नाही, शिक्का नाही. "१७०५ पासून तिथली तीच घरं हे काम करताहेत," मैत्रीण म्हणाली आणि वादाला तोंड फुटलं. निवृत्त इंजिनिअर असलेले एक काका म्हणाले, "याला म्हणतात परंपरा. नाहीतर आपण! कुंभाराचा पोरगा रिक्षा चालवतो." त्यांचीच पुतणी समोर बसली होती. ती म्हणाली, "काका, तीनशे वर्षं बापाचाच धंदा करायचा याला आपल्याकडे जात म्हणतात. जपानी खोक्यात घालून आणली की लगेच परंपरा होते का?"

पुढचा अर्धा तास आवाज वाढत गेले, मुद्दे वाढले नाहीत. हाच वाद मी वेगवेगळ्या तोंडांनी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी तो एकाच जागी अडतो. दोन्ही बाजू पिढ्या मोजत बसतात, एक कौतुकानं आणि दुसरी संतापानं. पण पंधरा पिढ्या झाल्या एवढ्यावरून कळतं काय? काम बंद पडलं नाही, एवढंच. ते का पडलं नाही हे त्या आकड्यात कुठेच नसतं. माझ्या मते विचारायला हवा तो प्रश्न दाराचा आहे. त्या घरातल्या मुलाला उठून जाता येत होतं का, बाहेरच्याला आत येता येत होतं का, आणि दाराची कडी आतून होती की बाहेरून? या कसोटीवर जपानमधली कुंभारघराणी तपासली तर काकांचाही अपेक्षाभंग होतो आणि पुतणीचाही.

आधी काकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा घेऊ. क्योतोचं राकू घराणं. सोळाव्या शतकाच्या शेवटी चोजिरो नावाच्या कारागिरानं जपानी चहाविधीचे आचार्य, चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या सांगण्यावरून चहाचे वाडगे घडवायला सुरुवात केली. हा चोजिरो आधी कौलं आणि छपरावरच्या शोभेच्या आकृती करायचा. १५७४ सालचा त्याचा मातीचा सिंह आजही आहे. तिथपासून आजच्या सोळाव्या किचिझाएमोनपर्यंत (हे घराच्या कर्त्याचं पिढीजात नाव) हे घर तेच काम करत आलंय. इथे चाक नाही. वाडगा दोन्ही तळव्यांत धरून उभारायचा, मग पात्यानं खरवडून हलका करायचा. काळ्या राकूची झिलई कामो नदीतल्या दगडाची पूड करून होते. भट्टी एवढीशी की एका वेळी एकच वाडगा मावतो. रात्रभर भाता ओढत राहायचं, झिलई वितळून चमकायला लागली की लांब सांडशीनं तो लालबुंद वाडगा बाहेर काढायचा. सांडशीचा चिमटा वाडग्याच्या अंगावर कायमचा उमटतो आणि जाणकार तो व्रण शोधून दाखवतात. मातीचा हिशोब तर आणखी लांबचा. आज हाताशी असलेली माती आधीच्या पिढ्यांनी साठवलेली. आज साठवली जाते ती पुढच्यांसाठी. आपल्याकडे पणजोबाच्या मागे खापरपणजोबा येतो. राकूंच्या घरात त्या शब्दातलं खापर जरा जास्तच खरं आहे. अशा ठिकाणी "हे एका आयुष्यात जमणारं काम नव्हे, त्याला घरच लागतं" असं काका म्हणाले तर त्यांना खोटं कसं पाडणार? मी पाडत नाही. नातवासाठी माती भरून ठेवणं पगारी माणसाकडून होणार नाही.

पण याच घराची वंशावळ जरा जवळून बघा. दुसरा वारस जोकेई हा चोजिरोचा मुलगाच नव्हता. तानाका सोकेई नावाच्या सहकाऱ्याचा मुलगा होता. पाचवा सोन्यू बाहेरून आलेला. कापडाच्या धंद्यातल्या घरातला मुलगा, राकूंचा जावई झाला आणि गादीवर बसला. सहावा तसाच. अकरावा केइन्यूही तसाच, दारू गाळणाऱ्या घरातला. मुलगा नसेल किंवा असून उपयोगाचा नसेल तर चांगला माणूस बघायचा, मुलगी द्यायची, नाव द्यायचं. जपानी भाषेत घरजावयाला कमीपणा नाही, कारण तिथे घर म्हणजे रक्त असं गणित नव्हतं. घर म्हणजे एक पद होतं आणि पदावर बसलेल्यानं आधीचं नाव चक्क सरकारदप्तरी बदलून घ्यायचं, ही रीत आजही आहे. हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातला गोपाळराव १८७५ साली दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. गायकवाडांची परंपरा त्यानं चालवली म्हणतो ना आपण? मग "पंधरा पिढ्यांचं रक्त" हा शब्दप्रयोग निदान राकूंच्या बाबतीत तरी बंद करावा.

"रक्त नसू दे, गुपित तर घरातच राहिलं ना!" हा पुढचा बचाव. तेही नाही. १७३६ साली राकूची कृती सांगणारं पुस्तक छापून बाजारात आलं होतं. त्याच्याही शंभर वर्षं आधी होनामी कोएत्सू, ज्याच्या घराण्याचं काम तलवारी पारखण्याचं आणि घासण्याचं, तो याच घरातून माती मागवून हौसेनं वाडगे घडवत होता. जपाननं 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केलेले चहाचे वाडगे एकूण आठ आहेत. पाच चिनी, एक कोरियन, दोन जपानी. त्या दोन जपानी वाडग्यांपैकी एक या कोएत्सूचा, म्हणजे एका हौशी माणसाचा. गादीवर बसलेल्या एकाही राकूचा वाडगा त्या यादीत नाही, चोजिरोचासुद्धा नाही. (आणि आज पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारच्या कार्यशाळांत 'राकू' म्हणून जे तापलेलं भांडं भुशात टाकून धूर करतात, ती पद्धत १९६० च्या सुमारास अमेरिकेत निघाली. क्योतोच्या घराचा तिच्याशी नावापुरताच संबंध.)

मग अखंडता तरी? तेरावा सेइन्यू १९४४ साली वारला तेव्हा त्याचा मुलगा युद्धावर होता. तो परत आला तेव्हा शिकवायला बाप नव्हता. चौदाव्या काकुन्यूला भट्टी, माती आणि पूर्वजांचे वाडगे एवढ्याच गोष्टींशी झटून काम उभं करावं लागलं; त्याचं शिक्षण झालं होतं तोक्योच्या कलाशाळेत, शिल्पकलेचं. त्याचा मुलगाही शिल्पकलाच शिकला, तोक्योत आणि मग रोममध्ये. आरिता भागातल्या काकिएमोन घराण्याची गोष्ट याहून मोठ्या खिंडाराची आहे. त्यांची कीर्ती ज्या दुधाळ पांढऱ्या पोर्सेलिनवर, त्या 'निगोशिदे'चं काम अठराव्या शतकात बंद पडलं. दोनशेहून अधिक वर्षं तो पांढरा रंग कोणाला काढता येत नव्हता. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोननं, बापलेकांनी, घरातली जुनी टिपणं उलगडत, चुकत, फोडत, १९५३ मध्ये तो परत आणला. शिनो नावाच्या भांड्यांचं तर घराणंच उरलं नव्हतं. ती सेतो गावात होत असत असं सगळे धरून चालले होते. १९३० साली आराकावा तोयोझोला मिनो भागातल्या एका पडक्या भट्टीजवळ एक खापर सापडलं, बांबूच्या कोंबाचं चित्र असलेलं, आणि त्या एका तुकड्यानं तीनशे वर्षांपूर्वीचं शिनो कुठे होत असे ते ठरलं. आराकावानं मग तिथेच भट्टी बांधली. त्याला वारसा कोणी दिला? खापरानं दिला. धागा तुटला म्हणजे संपलं ही भीती काकांनी सोडून द्यावी. जपानी कुंभारकामातले काही उत्तम अध्याय तुटलेल्या धाग्याच्या गाठीपासूनच सुरू होतात.

इथवर पुतणी खूश असेल. तिच्या बाजूचा पुरावा तर काकांच्या पुराव्याहून जड आहे आणि बहुतेक कौतुकपर लेखांत तो एका ओळीत उरकलेला असतो. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजांनी कोरियावर दोनदा स्वारी केली आणि परतताना सरदारांनी कुंभार धरून आणले. सात्सुमाच्या शिमाझू योशिहिरोनं नामवॉनहून आणलेल्यांना पुढे नाएशिरोगावा (आजचं मियामा, कागोशिमा प्रांत) इथे वसवलं. त्यांना मान होता, तनखा होता. जपानी नावं घ्यायला मात्र बंदी, पोशाख कोरियन, लग्नं वस्तीतल्या वस्तीत. दरबाराला आपल्या पदरी 'खरे कोरियन' हवे होते. चिन जुकान हे विख्यात घराणं याच वस्तीतलं. नाबेशिमा सरदारांनी ओकावाची या दरीतल्या गावात आपल्या भट्ट्या ठेवल्या आणि तोंडावर चौकी बसवली, पोर्सेलिनची विद्या बाहेर जाऊ नये म्हणून. या घरांना 'पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेनं काम करणारी' म्हणायचं तर चौकीवरच्या शिपायालाही निष्ठेचं थोडं श्रेय द्यावं लागेल.

आणि एक गोष्ट पुतणीलाही सुचली नाही, ती मीच तिच्या बाजूनं मांडतो. जपानमध्ये आणखीही वंशपरंपरागत धंदे होते. चामडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं. ते करणाऱ्यांच्या वस्त्यांना पुढे 'बुराकू' म्हटलं गेलं. १८७१ साली सरकारनं हुकूम काढून त्यांचा हीन दर्जा रद्द केला, पण १९७५ मध्ये उघडकीला आलं की अशा वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, उमेदवार 'तिथला' आहे का ते बघायला. कुंभारापेक्षा जास्त पिढ्या तेच काम करणारी घरं त्यांच्यात असतील. पण 'पंधराव्या पिढीचा चर्मकार' म्हणून कोणी त्यांच्यावर माहितीपट काढत नाही. पिढ्या सारख्या, देश तोच, कौशल्यही कमी नाही. एकाला घराणं म्हणायचं आणि दुसऱ्याला डाग, हे कशावरून ठरलं?

याच प्रश्नापाशी पुतणीचंही बोट सुटतं, कारण 'वंशपरंपरा म्हणजे जात' हे समीकरण दोन्हींना एकच नाव देऊन मोकळं होतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच बोट ठेवलं होतं की जात नुसते कामाचे वाटे करत नाही, ती कामकऱ्यांचे वाटे करते, त्यांना एकावर एक रचते आणि एका वाट्यातून दुसऱ्यात जाऊ देत नाही. ही कसोटी नीट लावायची तर बंदी उठल्यावर काय झालं ते बघायला हवं. १८७१ मध्येच सरदारांची संस्थानं बरखास्त झाली, तनखे गेले, चौक्या गेल्या. कडी निघाली. नाएशिरोगावातल्या कित्येकांनी जपानी नावं घेतली आणि ते निघून गेले. बोकू, म्हणजे कोरियन पाक, आडनावाच्या एका बापानं १८८६ मध्ये तोगो हे सामुराई घराण्याचं नाव विकत घेतलं; त्याचा मुलगा तोगो शिगेनोरी १९४१ साली युद्ध सुरू झालं तेव्हा आणि १९४५ साली शरणागती पत्करली तेव्हाही जपानचा परराष्ट्रमंत्री होता. त्याच वस्तीत बाराव्या चिन जुकाननं उलट केलं. कोरियन नाव धरून ठेवलं, १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात भलेथोरले फुलदाणे पाठवले, परदेशी गिऱ्हाईक मिळवलं आणि स्वतःची भट्टी टाकली. तो राहिला कारण त्याला राहायचं होतं आणि राहणं परवडत होतं. १८७१ च्या आधीचं राहणं आणि नंतरचं राहणं यांना एकाच तराजूत घालणं म्हणजे तोगोच्या जाण्यालाही काही अर्थ न ठेवणं.

'परवडत होतं' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण कौतुक करणारे आणि टीका करणारे दोघंही गिऱ्हाइकाकडे पाहत नाहीत. राकू घराणं 'सेन्के जिश्शोकू'पैकी एक आहे: रिक्यूच्या वंशजांच्या तीन चहापीठांना सामान पुरवणारी दहा कारागीर घरं. लोखंडी किटली करणारं एक, लाखकामाचं एक, बांबूचे चमचे करणारं एक. या पीठांचे शिष्य देशभर, त्या प्रत्येकाला वाडगा हवा. वाडगा लाकडी खोक्यात येतो आणि त्या खोक्याच्या झाकणावर चहागुरूनं स्वहस्ते नाव लिहिलं की त्याची किंमत कुठल्या कुठे जाते. ही एक पूर्ण बाजारपेठ आहे, चारशे वर्षं टिकलेली. आता आपल्या बलुत्याचा कुंभार आठवा. त्याला वर्षाकाठी सुगीला धान्य मिळायचं, घरटी ठरलेलं. मडकं चांगलं निघालं म्हणून चार पायल्या जास्त नाहीत. गोरोबाकाकांचं नाव तेरढोकीपासून पंढरपूरपर्यंत घेतलं जातं ते अभंगांसाठी; त्यांच्या चाकावरचं एक मडकं कोणी जपून ठेवलं का? ज्या कामाला किंमत वाढवून मिळत नाही आणि ज्यावर नाव टाकता येत नाही, त्यातून मुलगा रिक्षाकडे गेला तर तो शहाणा आहे. काकांनी त्याला दोष देऊ नये, त्याच्या बापाकडून माठ घेताना आपण किती घासाघीस करतो ते आठवावं.

ओन्ताचा वाडगा मात्र या माझ्याच मांडणीला अडचणीत आणतो हे कबूल करायला हवं. तिथेही नाव टाकत नाहीत. नऊ-दहा घरं, आडनावं मोजकी तीन-चार. मातीचा डोंगर सामाईक. ओढ्यावर लाकडी 'कारा-उसू' बसवलेले: ओंडक्याचं एक टोक पोखरून केलेल्या पन्हळीत पाणी भरतं, भारानं ती खाली जाते, पाणी सांडतं आणि दुसऱ्या टोकाचं मुसळ मातीवर धप्प पडतं. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे, माती कुटत. २०१७ च्या अतिवृष्टीत ओढा फुगला आणि यातले बरेच वाहून गेले. गावानं ते परत उभे केले. वीज लावून दहापट माती कुटता आली असती. ती लावत नाहीत, कारण मग माती संपेल आणि घराघरांत चढाओढ लागेल. घरटी दोनच चाकं, एक बापाचं, एक मुलाचं. बाहेरचा शिकाऊ घेत नाहीत. १९९५ साली सरकारनं मान दिला तो एका कोणाला नव्हे, सगळ्या गटाला. ही कडी आतून आहे आणि ती लावण्यामागे शहाणपण आहे, कारण ओढ्याला झेपेल एवढंच गाव. पण हिशोब पुरता मांडायचा तर त्याच घरातला दुसरा मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांच्यासाठी तीच कडी बाहेरून आहे. बायका माती मळतात, वाहतात, झिलई कालवतात. चाकावर बसत नाहीत. पुतणीनं हा मुद्दा काढला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

म्हणूनच सरकारनं मदत कोणाला द्यावी या प्रश्नाचं जपाननं दिलेलं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५५ मध्ये तिथे पहिल्यांदा 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून माणसं निवडली गेली. कुंभारकामातले चौघे होते: हामादा शोजी, तोमिमोतो केन्किची, इशिगुरो मुनेमारो आणि तोच खापरवाला आराकावा. चौघांपैकी एकही कुठल्या नामांकित गादीचा वारस नव्हता. तोमिमोतो जमीनदाराच्या घरातला, इशिगुरो डॉक्टरचा मुलगा. हामादा तोक्योच्या तंत्रशाळेत शिकला, इंग्लंडला जाऊन आला आणि माशिको या, स्वयंपाकघरातली साधी भांडी करणाऱ्या गावात बिऱ्हाड थाटून बसला. आज त्याचा नातू तिथे भट्टी लावतो आणि लोक 'तिसरी पिढी' म्हणतात. पहिली पिढी उपरी होती हे विसरून! आपल्याकडे २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली, अठरा धंदे, त्यात कुंभार. तिची मांडणी गुरु-शिष्य किंवा कुटुंबातून चालत आलेल्या कौशल्याभोवती आहे आणि तमिळनाडूनं घरचाच धंदा असण्याच्या अटीला हरकत घेतली. त्या वादातही पुन्हा परंपरा की जात हेच चाललं. मला वाटतं, हरकत बरोबर होती. किराणा घराणं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुढे कुंदगोळच्या रामभाऊंकडे (सवाई गंधर्वांकडे) आणि तिथून भीमसेनांकडे आलं. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी गोव्याच्या केसरबाईंनी आणि मोगूबाईंनी पेलली. अर्जात बापाचं नाव विचारलं असतं तर यातलं कोण पात्र ठरलं असतं?

जपानमधलं हस्तव्यवसायाचं उत्पादन १९८० च्या दशकातल्या शिखरावरून आज साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं आहे. वारस नाही म्हणून भट्ट्या बंद होताहेत अशा बातम्या तिथेही येतात आणि तिथलेही काका तरुणांना दोष देतात. लग्नात आहेर म्हणून भांड्यांचे संच देणं कमी झालं, चहा शिकणारे कमी झाले, हे त्या बातम्यांत खाली कुठेतरी असतं.

नाएशिरोगावाच्या पहिल्या कुंभारांनी कोरियाहून आणलेल्या मातीचे वाडगे घडवले. माती कोरियन, झिलई कोरियन, हात कोरियन. जपानचं त्यात फक्त जळण. अशा वाडग्यांना तिथे 'हिबाकारी' म्हणतात, म्हणजे 'नुसती आग'. १९९८ साली त्या धरपकडीला चारशे वर्षं झाली तेव्हा चौदावा चिन जुकान नामवॉनला गेला आणि तिथून पेटती ज्योत घेऊन समुद्रावरून मियामाला आला. ती आग भट्टीला दिली. या वेळी माती कागोशिमाची होती, हातही तिथलेच होते, कोरियातून आली ती नुसती आग. तो २०१९ मध्ये वारला. भट्टी आता पंधरावा चालवतो, नाव अजून कोरियनच आहे.